समुद्राला नेलेल्या गोधड्या

मला फिरायची हौस कधीच नव्हती. लातूरला आमची मेस होती. क्लासेसच्या पोरापोरींना दोन वेळचं जेवण घालायचं, आणि जेवू घालणाऱ्या बाईला सुट्टी कोण देतं? दिवाळीलासुद्धा दोन-चार पोरं अभ्यासाला मागं राहतातच. फक्त मे महिन्यात, जुनी बॅच परीक्षा देऊन निघून गेली आणि नवी अजून यायची असली, की मधे थोडे दिवस चूल थंड असायची. त्यातच पापड करायचे, लोणचं घालायचं, भिंतींना चुना मारायचा. त्या दिवसांवर माझ्या लेकीचा डोळा होता.

लेक नांदेडला शाळेत बाई आहे. बरोबरच्या बायांसोबत ती एकदा विशाखापट्टणमला जाऊन आली आणि तेव्हापासून तिच्या तोंडात तेच. दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिनं आम्हा दोघी जावांना समोर बसवलं.

"आई, गावाच्या एका बाजूला सबंध समुद्रच आहे. संध्याकाळी सगळं गाव तिथं येतं. घोडे असतात, फुगे असतात, गाणी लावलेली असतात. डोंगरावर दोरावरून पाळणे जातात. सगळं गाव रस्त्यावर."

"सगळं गाव तिथं आल्यावर सैपाक कोण करतं?" मी विचारलं.

"तू ना, जाऊ दे."

"जातेच. मला भाजी टाकायचीय."

मी उठलेच होते. तेवढ्यात माझी थोरली जाऊ बोलली. ती भाकरीचं पीठ मळत होती. काटवटीतून मान वर केली नाही.

"तिथं भिंती हायेत का?"

"कुठं, मोठी आई?"

"समुद्राला."

"समुद्राला कशाला असतील भिंती?"

"मग मी येते," ती म्हणाली.

माझी लेक माझ्याकडं बघायला लागली. मी पुन्हा खाली बसले.

जावेचं सांगायला पाहिजे. मी तिला अक्का म्हणते, ती मला धाकटे म्हणते. आम्ही दोघी एकाच घरात दिलेल्या. माझे मालक डाळमिलमध्ये लागले म्हणून आम्ही आधीच लातूरला आलो. अक्का आणि मोठे दीर गावीच राहिले, औशाच्या पलीकडं. दगडमातीचं घर, दोन हात जाड भिंती, वर मातीचं धाबं. उन्हाळ्यात असं गार लागायचं की बाहेर निघू नये वाटायचं. भूकंप झाला तेव्हा लोक गणपती बोळवून झोपले होते. अक्काचा नवरा आणि तिची एकुलती लेक त्या भिंतींखाली गेली. अक्का अंगणात बाजेवर होती, म्हणून राहिली. याच्यापेक्षा जास्त मी सांगणार नाही, कारण तीही सांगत नाही.

सरकारनं नवं गाव वसवलं. तिला तिथं घर मिळालं, वर स्लॅब. त्या घरात ती एकदाही झोपली नाही. आता तिथं शेजाऱ्याचा कडबा असतो. आम्ही तिला लातूरला आणलं, पण इथंही ती खोलीत येईना. आमच्या अंगणात गवऱ्या-लाकडं ठेवायला पत्र्याचं शेड होतं, त्यात तिनं बाज टाकली. "पत्रा पडला तर लागतंय, मरत न्हाई माणूस," म्हणाली. माझे मालक गेले, पोरगी लग्न होऊन गेली, मेस वाढली, अक्का शेडमध्येच.

उशाशी ती ताटली ठेवते, ताटलीत तांब्या, तांब्यावर पेला उपडा. जमीन हलली की पेला पडून वाजतो आणि माणूस बाहेर पळतो. भूकंपानंतर आमच्याकडं घरोघरी हे असायचं. हळूहळू सगळ्यांनी सोडलं. अक्कानं नाही. मांजरानं पेला पाडला की ती पदर खोचून रस्त्यावर उभी, आणि मेसमधल्या पोरी खिडकीतून विचारायच्या, "मोठी आई, मांजर का भूकंप?"

इथवर ठीक होतं. पण जागा भाड्याची. लातुरात तेव्हा रिकामी जागा ठेवणाऱ्याला लोक वेड्यात काढायचे. कुठून कुठून पोरं शिकायला येत होती, अहमदपूरची, रेणापूरची, पार इस्लापूरची, आणि जिथं गुरं बांधायची तिथं हॉस्टेल उभं राहत होतं. दिवाळीच्या आधीच जागेच्या मालकानं आम्हाला सांगून टाकलं की येत्या जूनमध्ये शेड पाडणार, अंगणात इमारत येणार. आम्हाला त्याच्याच मागच्या इमारतीत तळमजला दिला होता. स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. त्यांच्यावर स्लॅब आणि त्याच्यावर आणखी तीन मजले पोरं.

मी अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "मग मी गावी जाते."

"गावी कोण हाय तुझं?"

"घर हाय की."

"त्या घरालाबी स्लॅबच हाय."

"अंगणात झोपंन."

"पाऊस आला तर?"

"भिजंन."

ती जाणारी बाई आहे हे मला माहीत होतं. तिच्याशिवाय मला मेस चालवता आली असती. भाकरी करणाऱ्या बाया मिळतात. पण म्हातारपणी मला घरात अक्का पाहिजे होती. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. आमच्यात तसं बोलत नाहीत.

म्हणून ती स्वतःहून येते म्हणाली तेव्हा समुद्राला जायचं ठरलं. लेकीचा हिशेब वेगळा होता. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, आठ दिवस लॉजवर राहिली की हिला स्लॅबची सवय होईल. फिरायच्या नादात भीती निघून जाते."

"भीती म्हणजे काय खरूज हाय का निघून जायला?"

"बघू तरी."

"बघ," मी म्हणाले.

मग बेत सुरू झाला. लेक दर रविवारी नांदेडहून फोन करायची आणि अक्का एकेक अट सांगायची. खोली खालच्या मजल्यावर पाहिजे. खोलीला दार दोन्हीकडून पाहिजे. दार बाहेर उघडणारं पाहिजे, आत उघडणारं नको, कारण आत माती पडली की ते उघडत नाही. बाज दाराशी. कडी लावायची नाही.

"मोठी आई, कडी लावली नाही तर चोर येतील," लेक फोनवर सांगायची.

"येऊ दे. दोन म्हाताऱ्याचं काय नेतात?"

"मी पण असणार आहे ना तिथं."

"तू आत झोप."

मेसमध्ये देगलूरची एक पोरगी होती. आई तेलंगणातली, त्यामुळं तेलुगू घरचंच. अक्काला तिथली भाषा शिकवायची असं तिनं मनावर घेतलं. ताट वाढेपर्यंत शिकवणी चालायची. हे कितीला, स्टेशन कुठं, पाणी द्या. अक्का थोडा वेळ ऐकायची आणि भाकरी थापायला लागायची.

"मोठी आई, लक्ष नाही तुमचं."

"हे सगळं तुमची बाई बोलंल," अक्का म्हणाली, म्हणजे माझी लेक. "मला एकच सांग. जेवलीस का, हे कसं इचारतात?"

"तिन्नारा."

"तिन्नारा," अक्का म्हणाली. तेवढं ती शिकली. पुढं कितीतरी दिवस ताटावर बसणाऱ्या प्रत्येक पोराला ती तिन्नारा विचारायची, आणि जेवायलाच बसलेली ती पोरं काय उत्तर देणार?

डिसेंबरच्या शेवटी समुद्र चढून आला. मेसच्या टीव्हीवर सगळे बघत होते. पाणी रस्त्यावर येत होतं, होड्या घरांवर जाऊन पडल्या होत्या. पोरांनी ताटात हात तसेच ठेवले. अक्का दाराशी उभी राहून बघत होती. मी टीव्ही बंद केला आणि मनात म्हटलं, झालं, संपलं हे. लेकीचा फोन आला, तिचा आवाज उतरलेला. "आई, आता राहू दे. मोठी आई काही यायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "गोलाईच्या बाजारात जायचंय. कापड घ्यायचंय."

"कशाला?"

"गोधड्या शिवायच्यात. तिथं न्यायला."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. आमच्या गावावर वेळ आली तेव्हा कुठून कुठून ट्रक आले होते. त्यातून कपड्यांचे ढीग उतरले. चांगलेही होते, पण अर्धे असे की घरात पोतेरं करायलासुद्धा नकोत म्हणून दिलेले. फाटक्या प्यांटी, बाह्या नसलेले कोट. अक्काच्या वाट्याला एक लोकरीचा स्वेटर आला. त्यानं ती चुलीवरची पातेली उतरवायची. पण एक बाई आली होती, कुठली ते माहीत नाही, बोलणं कुणाला समजत नव्हतं. तिनं काही दिलं नाही. अक्काच्या मागं बसली, केसातली माती काढली, तेल लावलं, वेणी घातली आणि निघून गेली. अक्कानं मला ही गोष्ट त्या दिवशी सांगितली, इतक्या वर्षांनी, कापडाच्या दुकानात, ताग्यावर हात फिरवत.

"चिंध्याची न्हाई शिवायची," ती म्हणाली. "नवं कापड."

"अक्का, तिथं लई उकाडा असतो म्हणं."

"माणसाचं सगळं गेल्यावर त्याला उन्हाळ्यातबी थंडी वाजती," ती म्हणाली. दुकानदारानं कात्री खाली ठेवली.

लेकीनं चौकशी केली. त्या गावाला फारसं काही झालं नव्हतं. पाणी वाळूवर जरा वर आलं, परत गेलं. आम्ही अक्काला तसं सांगितलं.

"तुमाला कुणी सांगितलं?"

"पेपरात आहे, मोठी आई."

"आमच्या गावाचंबी पेपरात आधी नावच नव्हतं," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला बसली.

पार उन्हाळा लागेपर्यंत ती शिवत होती. दुपारी भांडी झाली की शेडमध्ये बसायची. धावदोरा असा बारीक की पोरी हात लावून बघायच्या. मी म्हटलं नाही की हे वाया जाणार आहे. वाया जाणार हे मला माहीत होतं. पण ती जाणार होती, माझ्यासोबत, आणि तेवढं मला पुरे होतं.

मे महिन्यात पोरं गेली. एसटीनं नांदेड, तिथून गाडीनं हैदराबाद, तिथं गाडी बदलून पुढं. गाडीत बसल्याबसल्या अक्कानं पिशवीतून ताटली, तांब्या आणि पेला काढला आणि बाकावर मांडला. मुदखेड यायच्या आधीच पेला पडायला लागला. तिनं पुन्हा ठेवला, तो पुन्हा पडला. समोरचा माणूस दर वेळी तो वाकून उचलून द्यायचा.

"आजी, पाणी पाहिजे का?"

"न्हाई बाबा. हितं सगळंच हलून राहिलंय, कळणार कसं?" ती म्हणाली आणि सगळं पिशवीत भरून ठेवलं.

लॉजला दार एकच होतं आणि ते आत उघडत होतं. अक्कानं उंबऱ्यात उभं राहून वर बघितलं आणि बाहेर आली. पहिल्या दिवसापासून ती पुढच्या पत्र्याच्या पडवीत झोपली. वॉचमन आधी नको म्हणाला, मग त्यानं स्वतःची खुर्ची सरकवून तिला जागा करून दिली. माझी लेक रडवेली झाली. तिचा बेत पहिल्याच दिवशी मोडला होता.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. गोधड्यांचं गाठोडं अक्काच्या डोक्यावर. मी समुद्राबद्दल काही लिहिणार नाही, मोठा असतो, एवढंच. पण गर्दी काय सांगावी. पोरं वाळूत लोळत होती, जोडपी कुल्फी खात होती, घोडेवाले ओरडत होते, कुणाच्या तरी हातातले फुगे सुटून चालले होते. कुठंच काही पडलेलं नव्हतं. अक्का गाठोडं घेऊन इकडून तिकडं बघत होती. लोक तिच्याकडं बघत होते. लेक म्हणाली, "मोठी आई, ते खाली तरी ठेवा." मला तेव्हा अक्काच्या तोंडाकडं बघवेना.

कडेला एक बाई गाडीवर कणसं भाजत होती. आमच्याच वयाची, काळी, नाकात दोन्हीकडं चमक्या. अक्का तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तिन्नारा?"

बाई हसली. गिऱ्हाईक जेवलीस का विचारत नाही. ती तेलुगूत भडाभडा काहीतरी बोलली, मग आमची तोंडं बघून हिंदीवर आली. अक्काला तसली हिंदी चांगली येते. गावी आमचा शेजार मणियाराचा होता, त्यांच्या बायकांत बसून शिकलेली.

"इधर पानी आया था क्या?" अक्कानं विचारलं.

"आया ना अम्मा. मेरी बंडी उठाया, रोड तक ले के गया, वहीच छोड़ दिया." बंडी म्हणजे तिची ही गाडी. ती हे सांगताना कणीस फिरवत होती.

"डर नै लगा?"

"लगा. थोड़े दिन बाजार में बैठी. वहाँ कोई नै खाता. समंदर देखे तोच भूख लगती लोगां को."

"फिर आ गयी?"

"आ गयी. क्या करना?"

अक्कानं गाठोडं सोडून सगळ्यात वरची गोधडी काढली आणि तिच्या हातात दिली. बाई दोन्ही हातांनी ती उलटीपालटी करून बघत होती. टाके बोटानं चाचपले. या उकाड्यात हिचं काय करू, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं, तरी तिनं ती घडी घालून ठेवून घेतली. आम्हाला तिघींना कणसं दिली आणि पैसे घेतले नाहीत.

बाकीच्या गोधड्या आम्ही वाळूवर अंथरल्या आणि बसलो. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर गेलो तर गाडी लांबूनच ओळखू आली. बाईनं चार बांबू उभे करून अक्काची गोधडी वर बांधली होती, सावलीला. वारा आला की ती फुगायची आणि खाली बसायची. आम्हाला बघून बाईनं हात केला, आणि गाडीमागं पालथी घातलेली बादली अक्कापुढं सरकवली. अक्का खाली वाकून त्या गोधडीखाली शिरली आणि बसली. डोकं वर करून बघितलं. तिनंच शिवलेले टाके, उलट्या बाजूनं.

मी म्हटलं, "अक्का, छपराखाली बसलीस की."

"पडलं तर काय, गोधडीच हाय," ती म्हणाली.

तिथं असेपर्यंत रोज संध्याकाळी ती तिथंच बसायची. कणसं सोलून द्यायची. माझी लेक पाळण्यात बसून आली, मी पाण्यात पाय घालून आले, अक्का गाडीवर. दोघी काय बोलायच्या कोण जाणे, निम्मं हिंदी, निम्मं नुसतंच. लेक कुरकुरली, "एवढ्या लांब येऊन मोठी आई पुन्हा कामालाच लागली."

"तुला काय करायचंय?" मी म्हणाले. "तिची सुट्टी हाय."

पडवीतच झोपली मात्र. खोलीत एकदाही नाही.

परत आलो आणि जून लागला. शेड पाडायला माणसं आली. अक्कानं ट्रंक बांधून ठेवलीच होती. मी चहा टाकला. चहा पिऊन ती म्हणाली, "धाकटे, ती खोली दाव."

मी दाखवली. ती आत गेली, वर बघून लगेच बाहेर आली. तोंडाला घाम. मग उरलेल्यातली सगळ्यात मोठी गोधडी मला धरायला दिली. "हे वर बांधायचं. समुद्रावर त्या बाईनं बांधली तशी."

गवंड्याला बोलावून भिंतींत खुंट्या मारून घेतल्या आणि स्लॅबच्या खाली, हातभर अंतरावर, गोधडी ताणून बांधली. पंखा काढावा लागला. नव्या बॅचच्या पोरी बघायला गोळा झाल्या. त्यातली एक, जिला इंजिनीअर व्हायचं होतं, ती अक्काला समजावायला लागली.

"मोठी आई, वरचा स्लॅब टनावारी असतो. ही गोधडी काय धरणार आहे?"

"मला काय करायचंय वजनाशी?" अक्का म्हणाली. "डोळे उघडल्यावर वर काय दिसतं तेवढं पायजे मला."

त्या खोलीत अक्का झोपली. ट्रंक सोडायला मात्र चार दिवस लावले, आणि तेवढे दिवस मी त्या ट्रंकेकडं बघायचं टाळलं. पेला अजून उशाशी असतो. आता मांजर आत येत नाही, त्यामुळं वाजत नाही.

तिच्या खोलीत फार उकडतं. मी रोज तक्रार करते, आणि रोज तिथंच झोपते.

दर मे महिन्यात पोरं गेली की ती गोधडी उतरवून धुवायला लागते, नाहीतर वरची धूळ सगळी अंगावर येते. दोन टोकं तिनं धरायची, दोन मी, आणि पिळायची. वाळेपर्यंत अक्का खोलीत पाय ठेवत नाही. आम्ही दोघी बाहेर पायरीवर बसतो. लातूरच्या उन्हात वाळायला फार वेळ लागत नाही.